काही झालं नाही, असं मी बोलून बसले होते

परवा आमच्या जुन्या कुवेतकरांच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. एकाने लिहिलं, 'नव्वद साली इराकी सैन्य घुसलं तेव्हा तिथे फारसं काही झालंच नव्हतं, सगळा पेपरवाल्यांचा मालमसाला.' लगेच दुसरा उसळला, झालेले अत्याचार नाकारणाऱ्याला थेट जेलमध्ये टाकणारा कायदा हवा!

त्या कायद्याने पहिली मीच आत गेले असते.

१९९१ चा उन्हाळा. इराकी सैन्य गेलं होतं, पण जळत्या तेलविहिरींच्या धुराने कुवेतच्या रुमैथिया भागातले पडदे अजून काळे व्हायचे. तिथल्या एका क्लिनिकमध्ये मी नर्स होते. सैन्य असतानाही तिथेच होते, कारण सिस्टरच गेल्या तर क्लिनिक चालवणार कोण?

शेजारी अबू फैसल राहायचे. म्हातारे व्यापारी, तरुणपणी मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्यांच्या मुलाला, फैसलला, सैनिकांनी आमच्या क्लिनिकच्या दारातून उचलून नेलं होतं. मी खिडकीतून पाहिलं होतं. तो परत आला नव्हता.

बेपत्ता लोकांची नोंद करणारं एक ऑफिस सुरू झालं, तिथे ते मला साक्षीला घेऊन गेले. बरोबर त्यांचा धाकटा भाऊ. माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. मी बोलले नसते तर कागदावर 'घरातून निघून गेला' एवढंच राहिलं असतं.

क्लार्क अरबीत विचारत होता आणि मीही मोठ्या ऐटीत अरबीतच उत्तरं देत होते. गाडी पाहिली? पाहिली. हात बांधले होते? होते. मग त्याने विचारलं, "दारात मारलं त्याला?"

ते मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आतल्या पेशंटकडे वळले होते, नुसतं ओरडणं ऐकलं. मला म्हणायचं होतं 'मा शुफ्त', पाहिलं नाही. पण समोर त्या बापाचा चेहरा... आणि तोंडून निघालं, "मा सार शै." काही झालं नाही!

इंजेक्शन दिल्यावर रडणाऱ्या पोरांना मी दिवसभर हेच म्हणायचे. काही झालं नाही हं, काही झालं नाही... जिभेला सवयच लागली होती.

क्लार्कने ते लिहूनही घेतलं. भाऊ खुर्ची ढकलून उठला. "खोटारडी! अशा लोकांना तुरुंगातच घातलं पाहिजे!" नोकरी जाणार, इथे राहायचा परवाना जाणार... आणि त्याहून जास्त लाज वाटत होती अबू फैसलांची.

त्यांनी भावाला हाताला धरून बसवलं. मग हळूच मला हिंदीत विचारलं, "सिस्टर, देखा नहीं बोलती है, कि हुआ नहीं बोलती है?"

"देखा नहीं, बाबा. वो चिल्लाया, वो सुना."

त्यांनी क्लार्कला ते वाक्य खोडायला लावलं. भाऊ म्हणाला, मारलं असंच लिहा, सगळ्यांना माहीत आहे. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली. "तिने ऐकलं ना, मग ऐकलं लिही. उद्या यातला एक शब्द खोटा निघाला, तर लोक माझा मुलगाच खोटा म्हणतील."

फैसल कधीच परत आला नाही. पण मी तिथे होते तोवर अबू फैसल रोज सकाळी क्लिनिकच्या खिडकीशी थांबायचे. "सिस्टर, देखा था ना?" "देखा था, बाबा." मग ते आपल्या वाटेने जायचे.

कायदा हवा की नको, ते शहाण्यांनी ठरवावं. मला त्या दिवशी चूक दुरुस्त करू दिली, याबद्दल मी त्या म्हाताऱ्याची जन्मभर ऋणी आहे. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं... दारातून नेलं ते पाहिलं, ओरडला ते ऐकलं.

आणि हो, त्यानंतर रिटायर होईपर्यंत कुठल्याही पोराला इंजेक्शन दिल्यावर 'काही झालं नाही' म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवत म्हणायचे, "झालं हं बाळा... झालं."