विहिरीचं चित्र आणि मिटलेला डोळा

हसायचं असेल तर खुशाल हसा. त्या चित्रापायी मी केव्हाच रडून मोकळा झालोय!

तेव्हा मी उचगावच्या शाळेत मास्तर होतो. नोकरी कच्ची. पक्की व्हायची तर ड्रॉइंगची परीक्षा पास होणं भाग, आणि त्यात मी दोनदा आपटलेलो. बेळगावच्या एका ड्रॉइंग मास्तरांना माझा कागद दाखवला, तर त्यांनी आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सहा महिने रोज एकच वस्तू काढा. हात लांब करून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, माप घ्यायचं आणि कागदावर उतरवायचं."

आणि मी वस्तू कुठली निवडावी? शाळेसमोरची विहीर! अख्ख्या उचगावात दुसरं काही नव्हतं का हो?

रोज सकाळी शाळा भरायच्या आधी मी शाळेच्या कट्ट्यावर बसायचो. हात लांब, डोळा बंद. पुन्हा हात लांब, पुन्हा डोळा बंद. रहाट काही केल्या गोल येईना. रडकुंडीला यायचो आणि परत डोळा मिटायचो. सकाळी विहिरीवर पाण्याला कोण येतं, हे मला सुचायला नको? पण रहाटाशिवाय काही दिसलं असेल तर शपथ!

सहाव्या महिन्यात पाटलांच्या वाड्यातल्या सोप्यावर बोलावणं आलं. पाटलांना गाव आप्पा म्हणायचं. शेजारी त्यांची म्हातारी आई, आक्का. तिच्या आडोशाला पदर घेतलेली नवी सून. भोवती निम्मा गाव.

"मास्तर, आमच्या सुनंकडं बघून रोज डोळा मारतासा म्हनं, व्हय?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "आप्पा, देवाशपथ नाही! मी विहिरीचं चित्र काढतोय!"

"डोळा मिटून?"

"मिटावाच लागतो!"

"बघा, कबूल झाला!" मागून कुणीतरी ओरडलं.

आप्पा म्हणाले, "चित्र आणा. इहीर दिसली तर सोडतो. न्हाईतर दिपोटीसायबाला कागद लिवतो."

दिपोटीसाहेब म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी. असा कागद गेला की नोकरी गेलीच, आणि तोंड दाखवायला जागा उरत नाही ती वेगळीच!

पळत जाऊन चित्र आणलं. सहा महिन्यांतलं सगळ्यांत चांगलं! कागद सोप्यावर हातोहात फिरला.

"म्हस हाय."

"न्हाय रं, गवताची गंजी."

तिसऱ्यानं कागद उलटा धरला. "आता लई बरं दिसतंय."

मी मनात सामान बांधायला घेतलं. तेवढ्यात आक्कानं कागद ओढून घेतला. जवळ नेला, लांब धरला, मग माझ्याकडे टक लावून बघितलं. सुनेला म्हणाली, "उगंच भ्यालीस गं पोरी. ह्या बाबाला समोरची एवढी मोठी इहीर दिसत न्हाय, तू कुठली दिसतीस?"

सोपा हसून लोळला. मी सुटलो! पण असं सुटण्यापेक्षा दोन काठ्या खाल्लेल्या परवडल्या असत्या.

आप्पांना माझी इतकी कीव आली की दिपोटीसाहेबांना त्यांनी कागद लिहिलाच: 'मास्तर सज्जन आहेत. नजर फार अधू आहे. ड्रॉइंगची सक्ती करू नये.'

साहेबांनी चित्र मागवून पाहिलं आणि नोकरी पक्की केली. ड्रॉइंगमध्ये मला आयुष्यात मिळालेलं सर्टिफिकेट तेवढंच!