टॅग हलवायचा नाही

पाचूबंदरच्या धक्क्यावर दोन बोटींचे मालक आपापले मोबाईल एकमेकांच्या नाकासमोर धरून भांडत होते. दोघांकडे आमचंच भरती-ओहोटीचं ॲप, दोघांकडे आवृत्ती २.४, आणि भरतीच्या वेळा वेगळ्या. मला पाहताच त्यांतले म्हातारे काका ओरडले, "ये गो बाय! तुमचाच हा उद्योग. आकडा येकच, मंग खरी भरती कोनाची?"

मी दोन्ही मोबाईलवरच्या वेळा टिपून घेतल्या. हे ॲप आम्ही काही जण मोकळ्या वेळात, फुकट लिहितो. त्याचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा. जाहीर केलेल्या प्रत्येक आवृत्तीच्या कोडवर तिच्या आकड्याचा टॅग लावतो. आचोळ्याला घरी येऊन पाहिलं, तर २.४ चा टॅग हलवलेला! वेळांच्या हिशेबात चूक सापडली, ती गुपचूप दुरुस्त केली आणि तोच टॅग उचलून नव्या कोडवर चिकटवला. आधी ॲप घेतलेल्यांकडे चूक तशीच. त्या चुकीच्या वेळांच्या भरवशावर निघालेली बोट गाळात रुतणार.

हे केलं होतं प्रकल्प सांभाळणाऱ्यानेच; आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. सगळ्यांच्या कॉलवर तो म्हणाला, "एवढ्याशा चुकीसाठी नवी आवृत्ती? लोक हसतील."

"हसू देत. बोट रुतली तर रडतील."

"तू ना, कायम मोर्चातच असतेस."

"असतेच!"

माझं बालपण वडिलांच्या चळवळीची पत्रकं घरोघर वाटण्यात गेलं. वाटलेलं पत्रक परत घेता येत नाही. चुकलं तर दुसरं छापायचं, आणि वर ठळक लिहायचं की आमचं चुकलं. तेच मी कॉलवर सांगितलं. "जाहीर केलेली आवृत्ती हा आपला शब्द आहे. लोकांच्या पाठीमागे तो बदलणं ही लबाडी."

मग एरवी तोंड न उघडणारी नंदाखाल गावची आमच्यातली मैत्रीण म्हणाली, "मी हिच्या बाजूने." पाठोपाठ बाकीचेही.

दादा हट्टी, पण खोटा नाही. जुना टॅग त्यानेच मूळ जागी नेला. मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं काम चालतं त्या कोडमध्ये, आमचे अर्धवट नकाशे पडले होते. ते लोकांच्या गळ्यात नकोत म्हणून २.४ च्या जाहीर कोडच्या वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवर, रिलीज ब्रँचवर, फक्त ती दुरुस्ती घातली आणि २.४.१ जाहीर केली. सूचनेची पहिली ओळ माझी: २.४ मधल्या वेळांवर विसंबू नका, चूक आमची आहे. नियमांत नवं वाक्य घातलं ते मात्र दादाने. लावलेला टॅग हलवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी काका लिलावाच्या गर्दीत एकेकाला अडवत होते. "आकड्याच्या शेवटी येक हाय का रं?"

"नाय."

"मंग बोट ऱ्हाऊ दे. पयला ह्या बायकडं जा."

माशांच्या पाट्यांमध्ये उकिडवी बसून मी मोबाईलमागून मोबाईल घेऊन त्यावर २.४.१ चढवत होते, आणि रांग धक्क्याच्या टोकापर्यंत गेली होती.