चरोदा यार्ड, बोला!

प्रमिलाताई ढोमणे यांची आणि माझी पहिली ओळख एका किल्ल्याच्या तटाआड झाली, आणि तीही शत्रूच्या तोफा धडधडत असताना. किल्ला मोबाइलवरच्या खेळातला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर या गौरवग्रंथात माझ्याविषयी भलताच आदर निर्माण व्हायचा. मी दुर्ग शहराजवळच्या नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि संध्याकाळची बॅच सुटली की पाच जणांनी मिळून किल्ला लढवायचा एक ऑनलाइन खेळ खेळतो. खेळताना सगळ्यांच्या कानांवर हेडफोन असतात आणि सगळे बोलत असतात. बोलत असतात म्हणजे ओरडत असतात. त्या दिवशीही एकमेकांच्या खानदानाचा उद्धार चालला होता. तेवढ्यात एका वयस्क बाईंचा स्वच्छ, ठाम आवाज आला, "चरोदा यार्ड. बोला."

एकानं भीत भीत विचारलं, "आंटी, गलत जगह आ गईं क्या?" बाई म्हणाल्या, "नहीं बेटा, आदत है. बताओ, मुझे कहाँ जाना है?" तोवर शत्रूनं किल्ला घेतलाही होता. हरल्यावर मी इतका हसलो की क्लासचा शिपाई काय झालं म्हणून बघायला आला.

पुढच्याच रविवारी मी त्यांना भेटायला चरोद्याला गेलो. ताईंचं माहेर नागपूरकडचं. वडील रेल्वेत होते. ते अचानक गेल्यावर त्यांच्या जागी ताई नोकरीला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत चरोद्याच्या यार्ड ऑफिसात फोनवर बसल्या. कोणते डबे कोणत्या लाइनीवर घ्यायचे, हे निरोप त्यांच्या कानातून जायचे. "घरी आल्यावर लय शांत वाटे बापा," त्या मला चहा देत म्हणाल्या. "मले आवाजाची सवय. नातीनं हा खेळ लावून देला तं वाटलं, हे आपलं यार्डच आहे."

खेळाडू म्हणून ताई कशा आहेत, याविषयी गौरवग्रंथात फार खोलात न गेलेलं बरं. आपल्याच तटावर तोफ डागणारा त्यांच्यासारखा दुसरा वीर मी पाहिलेला नाही. पण त्यांचा कान! आमच्या गोंगाटावर त्यांची तक्रार शिव्यांची नव्हतीच. "शिव्यांले मी काय भेते? यार्डात याहून तिखट आयकल्या. पण तुमच्यात कोनी कामाचं बोलूनच नाही राहिलं. कावून एवढा दम घालवता?"

त्यांनी आमच्या गटाला यार्डातली पद्धत लावली. फोनवर निरोप आला की तो घेणाऱ्यानं आधी जसाच्या तसा परत म्हणायचा, समोरच्यानं 'बरोबर' म्हटलं की मगच काम सुरू. नाहीतर कोळसा एकीकडे आणि डबे दुसरीकडे. आमच्या गटातही नियम झाला: कुणाला खोडून काढायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं परत सांगा, त्यानं 'बरोबर' म्हटलं की खुशाल भांडा. पोरांनी आधी टिंगल केली. मग हळूहळू तेच एकमेकांना बजावू लागले, "पहले चरोदा कर, फिर लड़!" माघार घेणं भ्याडपणाचं आहे का, नवख्यांना संघात घ्यावं का, असल्या प्रश्नांवर पूर्वी तासभर रणकंदन माजायचं. आता अर्धी भांडणं परत सांगतानाच विरतात, कारण दोघंही एकच म्हणत होते असं निघतं. उरलेली अर्धी भांडणं मात्र झकास होतात. एकदा ताईंनी माझा मुद्दा परत सांगितला, तो माझ्यापेक्षा इतका चांगला की मी खूश होऊन 'बरोबर' म्हणालो, आणि पुढच्या मिनिटाला त्यांनी त्याच्या चिंधड्या केल्या. हरण्यात एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

मायाळूपण त्यांच्या बोलण्यात फारसं दिसत नाही, ते त्यांच्या पिशवीतून येतं. परीक्षांच्या दिवसांत शिकवून शिकवून माझा घसा बसला, तेव्हा त्यांनी लोकलनं येऊन ज्येष्ठमधाची पुडी माझ्या हातात ठेवली. "तू आवाजावर खाणारा माणूस. चूप बस दोन दिवस," एवढं बोलून परतीची लोकल गाठायला निघूनही गेल्या.

त्यांच्या पद्धतीची खरी कसोटी पायलच्या वेळी लागली. पायल जुनवानीची, कॉलेजात शिकणारी, आमच्या संघाची कप्तान. आमच्याकडच्या मुली माइक बंद ठेवून खेळायच्या. आवाज ऐकला की टोमणे सुरू होतात, हे त्यांना माहीत होतं. पायलनं पहिल्यांदा माइक उघडला आणि तिच्यामागून बाकीच्या बोलू लागल्या. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिनं ऐन वेळी सगळ्यांना माघारी बोलावलं आणि आम्ही हरलो. आमच्याच संघातला, दुर्ग शहरात राहणारा सुमित तिच्यावर तुटून पडला. शेकडो बघ्यांसमोर तो जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. पायलनं एवढंच लिहिलं, "मी खेळ सोडला." दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींचे माइक बंद. पायल गेली तर त्या पुन्हा उघडणार नाहीत, हे मला दिसत होतं आणि मी फार घाबरलो होतो.

सुमितला हाकला, असा सगळ्यांचा घोषा होता. ताईंनी त्याला बोलायला बंदी केली, पण हाकललं नाही. त्या जुनवानीला गेल्या, पायलला विचारलं, आणि ती हो म्हणाल्यावरच दोघांना माझ्या रिकाम्या वर्गात बसवलं. मी म्हणालो, "दोघांनी एकमेकांचं परत सांगायचं ना?" ताई माझ्यावर कडाडल्या, "पायल काही परत सांगणार नाही. तिनं त्या दिवशी पुष्कळ आयकलं. आता यानं आयकाचं."

पायलनं माघारीचं कारण सांगितलं. सुमित परत म्हणाला, "तू डर गई थी."

"नहीं."

"तुझे लगा, हम हार गए."

"नहीं."

ताई शांतपणे म्हणाल्या, "फिर से सुन." पायलनं फळ्यावर किल्ला काढला. डावा तट आधीच पडला होता, आणि बाकीचे पुढे गेले असताना त्या बाजूला एकटा सुमित उभा होता. त्यानं फळ्याजवळ जाऊन स्वतःच्या खुणेवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तूने मुझे बचाने के लिए सबको पीछे बुलाया."

"बरोबर," पायल म्हणाली, आणि तिला रडू आलं. सुमितनं जिथे सगळ्यांसमोर शिव्या दिल्या होत्या, तिथेच सगळ्यांसमोर माफी मागितली. पायल मात्र परत येईन असं बोलली नाही, आणि ताईंनी तिला एकदाही आग्रह केला नाही.

काही दिवसांनी आम्ही खेळायला बसलो. पाचवी जागा रिकामीच होती. हेडफोनमध्ये खुट्ट झालं आणि एक तरुण, ठाम आवाज आला, "जुनवानी. बोला." आम्ही सगळे आनंदानं असे ओरडलो की पुन्हा किल्ला गेला. पाठोपाठ बाकीच्या मुलींचे एकेक माइक उघडत गेले. ताईंचा आवाज जरा उशिरा आला, आणि तो नेहमीसारखा स्वच्छ नव्हता.

आज अमृतमहोत्सवाला आम्हा सर्वांच्या वतीनं एक निरोप देतो. ताई, तुम्ही शंभरी ओलांडा. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, कान असेच तिखट राहोत आणि आपल्याच तटावर तोफा डागायला बोटांत बळ राहो. आता तुमच्याच नियमानं हे परत म्हणून दाखवा. "आता या वयात काय रे बापा," असं म्हणालात तर ते चूक धरलं जाईल आणि पायल तुम्हाला सांगेल, "फिर से सुनिए." आम्ही सगळे 'बरोबर' म्हणेपर्यंत, ताई, तुमची सुटका नाही.