उल्हास बोंद्रेच्या फाइलवरचा शिक्का

उल्हास बोंद्रेला तुरुंग मान्य होता. मिशिगनमध्ये मराठी मंडळाच्या कार्यक्रमानंतर तो पिऊन गाडीत बसला, एक सायकलवाला जिवानिशी गेला आणि सात वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात त्याने एकदाही मान वर केली नाही. पण न केलेल्या गोष्टीचा शिक्का त्याच्या कपाळी बसला, तो त्याच्या बोलघेवड्या स्वभावामुळे.

तुरुंगात आल्या आल्या एका काउन्सेलरबाईंनी घरची चौकशी केली. मुलगी कुठे झोपते, असंही विचारलं. आता माणसाने विचारलं तेवढं सांगून गप्प बसावं की नाही? पण दोन आठवडे त्याच्याशी कोणी धड बोललं नव्हतं आणि त्यात लेकीचा विषय. उल्हास खुलला. रुही नऊ वर्षांची आहे, अजून माझ्याच कुशीत झोपते, माझा हात उशाला नसेल तर तिला झोप येत नाही, रविवारी मीच तिच्या डोक्याला तेल चोळतो, असं सगळं त्याने कौतुकाने सांगून टाकलं. आपल्याकडची कुठलीही बाई यावर म्हणाली असती, बाप असावा तर असा. या बाईंनी मान न हलवता लिहून घेतलं.

महिन्याने त्याची बायको सुनेत्रा दोन तास गाडी चालवत रुहीला घेऊन आली, तेव्हा मुलीला फाटकावरच अडवलं. उल्हासच्या फाइलवर लैंगिक धोक्याचा शिक्का होता. अठरा वर्षांखालच्या कोणालाही भेटायचं नाही, फोनवरही बोलायचं नाही. याची त्याला नोटीस मिळाली नव्हती, कागद दाखवला नव्हता आणि तुझं म्हणणं काय, असं तर कोणी विचारलंच नव्हतं.

असल्या गोष्टी तुरुंगात लपत नाहीत. जेवताना त्याच्या शेजारच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. मंडळातले लोक अपघातापासूनच चार हात लांब होते. आता सुनेत्राचे फोनही आखूड झाले. ती काही विचारायची नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं. कधी कधी दिवसभरात त्याच्या तोंडून ‘येस सर’पलीकडे शब्द निघत नसे.

शेवटी तुरुंगाच्या लायब्ररीत बसून त्याने कोर्टासाठी अर्ज लिहायला घेतला आणि आपण किती चांगले बाप आहोत यावर वीस पानं भरली. मदतीसाठी वकिलांना पत्रं पाठवली. ॲन आर्बरहून अनिका नावाची एक तरुण वकील भेटायला आली. तिने ती वीस पानं वाचली आणि बाजूला ठेवली.

“काका, तुम्ही चांगले आहात की नाही, हा केसचा मुद्दाच नाहीये,” ती म्हणाली. “दे नेव्हर आस्क्ड यू. आपण फक्त एवढंच म्हणायचं.”

कोर्टाला ते पटायला दोन वर्षं लागली. ज्या गुन्ह्याचा खटलाच झाला नाही, त्याचा शिक्का सुनावणीशिवाय मारता येत नाही, तुरुंगाने आता ती रीतसर घ्यावी, असा निकाल आला. सुनावणीत उल्हासची वाक्यं मोठ्याने वाचली गेली. वाक्यं त्याचीच होती, पण परक्या, कोरड्या आवाजात ती ऐकताना त्याला शरमेने घाम फुटला. मग सुनेत्राने साक्ष दिली. आम्ही तिघं एकाच खोलीत झोपायचो, आमच्या घरांमध्ये लहान मुलाला वेगळ्या खोलीत झोपवत नाहीत, असं तिने शांतपणे सांगितलं. शिक्का निघाला.

रुही भेटायला आली तेव्हा बारा वर्षांची झाली होती, जवळजवळ आईएवढी उंच. आल्यावर एक मिठी आणि जाताना एक, असा तिथला नियम होता. तिने हात पसरले. उल्हासने घाईघाईने खुर्ची पुढे ओढली आणि तिला बसायला सांगितलं. तासभर तो शाळेचं, मैत्रिणींचं विचारत राहिला, दोन्ही हात टेबलावर सगळ्यांना दिसतील असे ठेवून. ज्या भेटीसाठी एवढा भांडला, ती समोर होती आणि त्याला नुसती भीती वाटत होती. मुलीची नाही, बघणाऱ्यांची.

वेळ संपल्याचं सांगितल्यावर उल्हास उठला, पण रुही उठली नाही.

“बाबा, डिड आय डू समथिंग?”

“नाही गं राणी,” तो म्हणाला.

तिने टेबलाला वळसा घालून त्याला घट्ट मिठी मारली. उल्हासचे हात खालीच राहिले, आणि तिच्या डोक्यावरून तो गार्ड कुठे बघतोय ते बघत होता.