साहेबाच्या पोथीला आमचा हुंकारा

जिथं रोज गोष्टी चालतात, तिथं गोष्टींच्याच गोष्टी होऊन बसतात. पावना आला की म्हणतो, "किसनराव, ते मस्तगडचं सांगा." आता एक सांगावं तर दुसरी आडवी येती. म्हणून आज सगळ्याच सांगून मोकळा होतो.

पहिले माणसं सांगतो. निजामाचं राज होतं. मी हसनाबादचा. भावासंग भांडून जालन्याला आल्तो अन् मॉर्गन साहेबाची दमणी हाकत होतो. साहेब एका शाळेत मास्तर. मस्तगडात एका मारवाडी सेठजीच्या घरात भाड्यानं राहायचा. सेठजीची जुन्या जालन्यात धानाची आडत. सैपाकाला सखूबाई, लिहायला-पुसायला मुनशीजी. रोज दिवेलागणीला सगळे साहेबाच्या वसरीवर.

साहेबाला येड एकच. त्याच्या मुलखात, वेल्समधी, शेकडो वर्सांमागच्या गोष्टी हायेत. राजे, जादू, तुटलं तरी बोलणारं मुंडकं, असलं सगळं. हातानं लिहिलेल्या पोथ्या. एका ओळीवर साहेब आठवडा-आठवडा बसायचा. तिकडचे पंडित म्हणायचे, ह्या गोष्टी मोडक्या हायेत, मधीच उडी मारतात, कुण्या गाढवानं जोडल्यात. साहेब म्हणायचा, मोडक्या न्हाईत, तोंडानं सांगायची गोष्ट अशीच असती.

त्याच्यावर त्यानं उभी जवानी घालून पुस्तक लिहिलं. ते छापायचं का चुलीत घालायचं, हे एका म्हाताऱ्या प्रोफेसराच्या हातात होतं. तो हिंदुस्थानात येणार होता. त्याचं नाव निघालं की साहेबाचा घास ताटातच राहायचा!

*

एकदा टेसनावर मी गर्दीला वरडलो, "सरका, आमचा इंग्रज साहेब येऊन राह्यला!"

साहेब मागं लालबुंद! मला वाटायचं जालन्यात तापट मीच.

"किसन! मी इंग्रज न्हाई! वेल्सचा! भाषा येगळी, गोष्टी येगळ्या. इंग्रज आमच्यावर राज करतो!"

मी बैल थांबवले. "मंग शाळेत तुमची बोली बोललं तर?"

"छडी!"

"बराबर! आमच्यात पण तेच. घरात मराठी अन् शाळेत उर्दू. दुसरीत मास्तरानं छडी मारली, मी तीच मोडून घरी आल्तो."

साहेब पुढं सरकला. "मोडली?"

"दोन तुकडे!"

त्या दिवसापासून साहेबानं मला किसन म्हणलं न्हाई. किसनराव!

*

एका गोष्टीत मोठी कढई हाय. लढाईत मेलेला माणूस तिच्यात टाकायचा, दुसऱ्या दिवशी जित्ता बाहेर. लढायला तयार. फकत वाचा गेलेली असती.

साहेब किती दिवस त्याच्यावरच अडून बसलेला. वाचा काहून जाती? ह्याचा अर्थ काय? एवढाली पुस्तकं चाळली, काई सापडंना.

मुनशीजी पान लावत होते. वर न बघता म्हणले, "साहब, इसमें सोचना क्या? हमारी तहसील में आदमी अंदर जाता न, वैसाच बाहर निकलता. चलता, फिरता, सलाम भी करता. मुँह से लफ्ज नई निकलता!"

सेठजीनं पहिले उठून रस्त्याकडचं दार लावलं. मंग हसले.

*

उंदराच्या गोष्टीनं तर वसरीवर भांडण लागलं.

एका सरदाराचं गव्हाचं रान. उद्या कापू म्हणावं, तर सकाळी नुसते धांडे उभे, ओंब्या गायब. तो राखणीला बसतो, तर उंदरांची फौज! सगळे पळतात, एक जाडी उंदरीण हाती लागती. सरदार म्हणतो, हिला फाशी! अन् काटक्या रोवून फास बांधायला बसतो.

"द्या फाशी!" मी म्हणलं. "आमची ज्वारी बिलकुल अशीच खाल्ली हरामखोरांनी!"

सेठजी जैन माणूस. मुंग्यांना साखर घालणारा. ताडकन उठले. "अरे अरे! मुका जीव हाय! सोडा तिला साहेब, माझ्या आडतीतून ज्वारीचं पोतं देतो!"

साहेबाचे डोळे हे एवढाले! "सेठजी, पोथीत बराबर हेच हाय! रस्त्यानं एक वाटसरू येतो, म्हणतो दाम घे, उंदरीण सोड. मंग दुसरा येतो, तो जास्त देतो. तिसरा त्याच्याहून जास्त!"

सेठजी खाली बसले.

"आधीच तीन गिऱ्हाइकं हायेत? मंग माझं पोतं राहू द्या."

*

दुसऱ्या एका गोष्टीत एका वीराला शाप असतो, माणसाची बायको मिळणार न्हाई. मंग जादूगार रानातली फुलं गोळा करून त्याला बाई बनवून देतात. लई देखणी. पण ती दुसऱ्यावर भाळती अन् नवऱ्याचा घात करायला उठती.

साहेब म्हणला, "तिनं असं काहून केलं, पोथी सांगतच न्हाई."

सखूबाई भाकरी थापून राह्यली होती. तिनं इचारलं, "तिचं माहेर कुठलं?"

"माहेर न्हाई. फुलांची हाय ना."

"आई?"

"न्हाई."

"पंचमीला न्यायला भाऊ?"

"न्हाई."

"मंग इचारता काय? ताट घ्या."

मी चिडलो. "म्हणून काय नवऱ्याचा जीव घ्यायचा?"

"तू गप बैस. तुला करपलेली देणारे मी!"

अन् दिली की!

*

आता खरी भानगड.

साहेबाला तोंडानं गोष्ट सांगणारा माणूस ऐकायचा होता. मी हसनाबादहून आबा गोंधळ्याला दमणीत घालून आणलं. आबानं सुरू केलं, "एक होता राजा." साहेब हात बांधून, मान ताठ, चूप. त्यांच्यात चूप बसून ऐकलं की सांगणाराची इज्जत राहती. आबा थांबला. साहेब चूप. आबानं परत सुरू केलं, परत थांबला. साहेब आणखीन चूप!

आबानं उपरणं झटकलं. "किसन्या, तुझा साहेब झोपला का खपला? भिताडाला गोष्ट सांगू काय मी?"

मी वरडलो, "साहेब, हं म्हणा! हं!"

आमच्याकडं गोष्टीला हुंकारा लागतो. ऐकणाराचा 'हं' आला न्हाई तर सांगणारा पाऊल पुढं टाकत न्हाई. अन् 'हं' आला की त्याला कळतं, ह्यांना एवढं ठाऊक हाय. तेवढं गाळून तो खुशाल पुढं उडी मारतो.

मी हे समजावलं अन् साहेब खुर्चीतून उठूनच उभा! "त्या उड्या! किसनराव, पोथीतल्या उड्या! तिथं 'हं' होता! लिहिणारानं गोष्ट लिहिली, हुंकारा लिहिलाच न्हाई!"

त्या दिवसापासून साहेबाच्या तोंडात दुसरा शब्द न्हाई. सखूबाईनं इचारलं, "कारलं करू?"

"हं."

"उद्या पण?"

"हं."

साहेबाला शोध लागला, कारलं आम्ही खाल्लं!

*

अन् शेवटी आला तो प्रोफेसर. सकाळच्या गाडीनं आला, दिवस मावळायच्या गाडीनं हैदराबादला जाणार. हुंकाऱ्याचं नवं पान घालून धाडलेलं साहेबाचं पुस्तक त्यानं आधीच वाचलेलं. चहा पिऊन काय म्हणला, ते मुनशीजीनं आम्हाला सांगितलं. "हुंकाऱ्याचं कागदावर ठीक हाय. मला कानानं ऐकव. न्हाई तर मी छापू देणार न्हाई."

साहेब गोराच होता, आणखीन गोरा झाला.

आबाला मी आणूनच ठेवला होता. पण आबा म्हणला, "आत्ता? उन्हात? दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो!"

"आबा, तुमचा मामा अजून जित्ता हाय?"

"म्हणून तर जपतो!"

मी मुनशीजीकडं पाह्यलं. मुनशीजीनं कान धरले. "नक्को भाई! दिन में कहानी बोले तो मुसाफिर रस्ता भूलते. मेरे मामू अभी जहाज में हैं!"

सेठजीचे मामा मारवाडातून निघालेले. सखूबाईचा मामा बाजाराला आलेला. साहेब पायरीवर डोकं धरून बसला. उभ्या जवानीचं काम, अन् अडलं कशात? मामात!

माझं टाळकं सरकलं. "सरका! मी सांगतो!"

"तुला मामा न्हाई?" आबानं इचारलं.

"हाय की! हसनाबादच्या पल्याड. पोरगी मला द्यायची बोली होती, अन् आता म्हणतो तू तापट हायेस. सिल्लोडला देऊन राह्यला. आजच सुपारी फोडायला निघाला असंल. चुकू द्या वाट!"

अन् बसलो मांडी घालून. मला बराबर येणारी गोष्ट एकच, साहेबाची उंदराची. गव्हाची ज्वारी केली, सरदाराचा पाटील केला, हसनाबादच्या शिवारात आणून उभा केला. आबा हं, मुनशीजी हं, आतून सखूबाई हं. मी ठाऊक असलेलं गाळत गेलो, उड्या मारत गेलो, कुठं काई तुटंना. प्रोफेसराला मराठीचं अक्षर येत न्हाई, डोळे मिटून नुसता ऐकून राह्यला. फास बांधायची वेळ आली. मी दोन काटक्या उभ्या केल्या, चिमटीत शेपटी धरल्यावानी केलं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले. गोष्ट वळखली त्यानं!

अन् नेमकं तिथंच सगळे श्वास धरून गप! हुंकारा बंद! माझी सटकली. मी पण गप. न्हाई सांगत जा!

साहेब माझ्याकडं हात जोडून राह्यला. मी हलंना.

तर तो म्हातारा खुर्चीतून पुढं वाकला. माझ्या काटक्यांकडं बघत म्हणला, "हं."

मी म्हणलं, "मंग एक वाटसरू आला."

"हं! हं!"

गोष्ट संपली तसा प्रोफेसर उठला, साहेबाचा हात धरून एकच शब्द बोलला. मुनशीजीला तो सांगायची गरज पडली न्हाई, साहेबाचं तोंडच सांगत होतं. छापा! साहेबानं सखूबाईच्या चुलीपशीच बसकण मारली अन् भाकरीवर भाकरी मागून जेवला. सखूबाई म्हणली, "आत्ता माणूस घरात आला." आम्हा सगळ्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

दिवस मावळता प्रोफेसराला गाडीत बसवलं. गाडी गेली. साहेब फलाटावर एकटाच शीळ घालत उभा. मी बैल जुपायला बाहेर आलो, तर लिंबाखाली तट्टू धरून एक माणूस. पटका सुटलेला, धोतराला कुसळं, कमरेला सुपारीची पुरचुंडी तशीच बांधलेली.

माझा मामा!

"किसन्या," तो रडकुंडीला आल्ता, "जल्मभर त्याच वाटंनं गेलो रे! ऊन चढल्यापासनं हिंडून राह्यलो. सिल्लोड कुणीकडं?"

मी दमणीतलं घोंगडं झटकून नीट हातरलं.

"मामा," म्हणलं, "बसा दमणीत."