मी म्हणाले, वेच

धाकट्या जावेने सुरतेबाहेर कामरेजला रो-हाउस घेतलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं आणि माझं पोट जे दुखायला लागलं, त्याला कुठल्या डॉक्टरकडे औषध नव्हतं. घरात सांगितलं, मला उन्हाचा त्रास होतो, मी येत नाही. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "अजून ऊन पडायचंय." मग काय, गेले. भेस्तानहून दोन रिक्षा बदलत, ठेवणीतली साडी नेसून, त्या साडीवर टिकल्या चिकटवतात तसं तोंडावर हसू चिकटवून.

खरं सांगायचं तर शेअर बाजार आमच्या घरात आणला तो मी. मी रिंगरोडवरच्या साड्यांच्या पेढीवर ऑर्डरी लिहून घेते. आजूबाजूला सगळे दुपारच्या डब्याबरोबर शेअरचे भाव चघळणारे, त्यांचं ऐकून ऐकून शिकले. सासरे गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे दोन्ही मुलांना सारखे मिळाले, तेव्हा मी ठरवलं की आमचा वाटा नुसता बँकेत झोपवायचा नाही. पण एक नियमही केला. सासरे जन्मभर मागावर उभे राहिले, आणि जन्मभर गालात तंबाखूची गोळी. शेवटी अर्धा जबडा काढला. शेवटचे चार महिने त्यांची लाळ मी पुसली, माझ्या हाताने. म्हणून तंबाखूच्या कंपनीला आपल्या घरातला एक रुपया जाणार नाही. दारू आणि जुगारही नाही. कॅलेंडरच्या मागे चांगल्या कंपन्यांची यादी लिहिली होती, रंगवाली, पंपवाली, औषधवाली, आणि ते कॅलेंडर सासऱ्यांच्या फोटोखाली टांगलं होतं. नातेवाइकांत मला 'शेअरवाली वहिनी' म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

धाकटी जाऊ लग्न होऊन आली ती धुळ्याकडच्या खेड्यातून. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान, कापूस वेचून हाताला चरे पडलेले, तोंडात सगळी अहिराणी. पर्वत पाटियाला भाड्याच्या एका खोलीत संसार मांडला आणि घरी बसून साड्यांना लेस लावायला लागली. दिराच्या वाट्याचे पैसे तिच्या हवाली होते. तिला काहीच कळत नव्हतं, म्हणून ती मला आवडायची. तिच्या फोनवर ॲप मी टाकून दिलं, माझी यादी तिला उतरवून दिली. प्रत्येक गोष्ट ती मला विचारून करायची, आणि मीही सांगताना जरा ताणून, टेचात सांगायची.

मग टाळेबंदीच्या तोंडावर बाजार कोसळला. पेढीवर कुणाच्या तोंडात घास जाईना. मी माझे सगळे शेअर पटापट काढून टाकत होते. तेवढ्यात तिचा फोन.

"ताई, बाजार पडना. काय करू?"

"वेच!" मी ओरडले. "जेवढं आहे तेवढं सगळं वेच, थांबू नकोस!"

आता हे समजून घ्या. मी सुरतेत जन्मले, सुरतेत शिकले. दिवसभर गुजरातीत सौदे लिहिते. विकण्याला माझ्या तोंडात 'वेचणं'च येतं, मराठी बोलतानासुद्धा. मी माझ्या परीने तिला सगळं विकून टाकायला सांगितलं होतं, आणि एक जबाबदारी पार पाडली म्हणून पुढच्या कामाला लागले.

पुढची दोन वर्षं मी शहाणपणा मिरवला. सगळ्यांना सांगायची, वाचलो आपण. बाजार वर यायला लागला तेव्हा म्हणायची, हा फुगा आहे, फुटेल. तो फुटला नाही. मी तोट्यात विकलेल्या माझ्याच कंपन्या माझ्या डोळ्यांदेखत दुप्पट, तिप्पट होत गेल्या आणि परत आत शिरायची हिंमत होईना. त्याच काळात जावेकडे आधी मोठा फ्रीज आला. मग कपडे धुण्याचं मशीन. मग दिराला नवी गाडी. मी जाऊन प्रत्येक वस्तू बघून यायची, "छान आहे हो" म्हणायची आणि घरी येऊन नवऱ्याशी भांडायची. तिचे फोटो मी दिवसातून तीनदा उघडून बघायची. एकदा ती म्हणाली, सगळं शेअरमधून, तुमच्याच कृपेने. मला वाटलं, टोमणा मारते आहे.

सगळं विकलेलीकडे इतका पैसा आला कुठून? मी मनाशी ठरवून टाकलं की बाईने तंबाखूत पैसे घातले. तंबाखूची कंपनी तेव्हा वर चालली होती आणि लाभांशही भरभरून देत होती. ज्याने सासऱ्यांचा जबडा खाल्ला त्याच्यावर ही फ्रीज घेते, असं मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरंच वाटायला लागलं. आणि माझ्यासारख्या नियमवालीच्या पदरात काय? एक कॅलेंडर.

मग एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मी तंबाखूच्या कंपनीचे शेअर घेतले. थोडेच घेते म्हटलं. पुढच्या महिन्यात आणखी घेतले. कॅलेंडरच्या मागे ते लिहिले नाहीत, नवऱ्याला सांगितलं नाही. लाभांशाचा पहिला मेसेज आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. समोर सासऱ्यांचा फोटो. मी फोन उपडा घातला आणि पोळी करपली.

तर कामरेजचं ते घर. पुढे तुळस, खाली हॉल, वर दोन खोल्या. मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, भिंतीला कुठे ओल दिसते का तेही बघितलं. नव्हती. पूजा झाली, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीची पंगत बसायच्या बेतात होती, तेवढ्यात कुणीतरी आत्याबाईंनी जावेला विचारलं की एवढ्या लवकर घर कसं झालं गं. माझे कान टवकारले. आता हिला सगळ्यांसमोर बोलावंच लागणार होतं.

ती पदर खोचून उभी राहिली. म्हणाली, "ताईंमुळे झालं. बाजार पडला तेव्हा सगळे घाबरले होते. ताईंनी सांगितलं, वेच. मी आहेराचे पैसे होते नव्हते ते सगळे घातले, पडलेलं वेचून घेतलं. पुढे लेसच्या पैशातून दर महिन्याला. पहिला हप्ता त्यातून भरला, बाकीचं कर्ज आहे. आणि ताईंच्या यादीबाहेरचा एकही शेअर घेतला नाही. बाबांना मी बघितलं नाही, पण त्यांचं काय झालं ते मला ताईंनी सांगितलंय."

हॉलच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता. आमच्याकडे आहे त्याच्यापेक्षा मोठा, नव्या फ्रेममध्ये. सगळ्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. आत्याबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

कापूस वेचणारी पोर ती. पडलेलं दिसलं, वेच म्हटलं, तर ती दुसरं काय करणार होती?

पंगत बसली तशी मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. ती बट्ट्या तुपात घोळवत होती. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मी वेच म्हणजे विक म्हटलं होतं. गुजराती वेच."

तिने हात थांबवला नाही. "माले माहीत शे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लॉकडाऊन उठना तवय. आम्हना गल्लीमा एका घरवर पाटी व्हती, मकान वेचवानुं छे. मी शेजारनीले इचारं, घर कसं काय वेचतस व? ती इतली हसनी." तीही हसली. मग गंभीर झाली. "तवलोंग तुम्ही सगळं इकी टाकेल व्हतं, ताई. मंग तुम्ले काय सांगू?"

म्हणजे पाच वर्षं हिला माहीत होतं की शेअरवाली वहिनी चुकली, आणि पाच वर्षं हिने ते माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. चारचौघांत श्रेयही मलाच दिलं. तिच्या फ्रीजचा, घराचा, जिन्याचा मी जेवढा हेवा केला, तो सगळा एकत्र केला तरी त्या क्षणी वाटला तेवढा झाला नसता. इतकं मोठं मन हिला कुठून मिळालं, आणि मला का नाही, या विचाराने माझा जळफळाट झाला. आणि त्या जळफळाटातच माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याकडे तंबाखूचे आहेत. दोन वर्षं झाली."

बट्टी तिच्या हातातून तुपात पडली. तिने हॉलकडे बघितलं, तिथे फोटो होता. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. 

तिने हात पुसले, माझी पर्स उघडली, फोन काढून माझ्या हातात दिला.

"वेची नाखो, ताई," ती म्हणाली.

उच्चार अगदी सुरती होता. सहा वर्षांत तिचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि मला त्याचाही हेवा वाटला.