काकूंची साक्ष

कसबा पेठेत ब्लाऊज शिवणाऱ्या काकू गिऱ्हाइकांविषयी चकार शब्द काढत नाहीत. कुणाची चौकशी केली, तर तोंडातल्या टाचण्याही न काढता म्हणतात, "माप द्यायला आलीयेस ना? मग सरळ उभी राहा." मला त्यांची भीती वाटते, आणि त्यांच्याजवळ बसावंसंही वाटतं.

त्यांच्या एका गिऱ्हाईक बाईंच्या हातून नवरा मेला. गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा ठरायची होती. नवरा त्यांना मारायचा हे कोर्टाला पटलं, तर शिक्षा कमी होणार होती. पण साक्षीला कुणी येईना. मी लॉच्या पहिल्या वर्षाला, त्या बाईंच्या वकिलांकडे शिकाऊ; आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. भीतभीतच काकूंना हे सांगितलं. तारखेला काकू कोर्टात आल्या.

"माप घेताना दंडावर वळ दिसायचे. दर वेळी बाही आणखी लांब मागायच्या."

"मग तेव्हा गप्प का बसलात?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"चुकलंच. म्हणून तर आज आले."

शिक्षा कमी झाली. मी धावत दुकानात गेले. काकूंनी मशीन थांबवलं.

"सुटली नाही ना पण?"

"नाही, काकू."

"मग तुरुंगात भेटायला कधी सोडतात, ते विचारून ये."